वहिनी आल्यापासून

वनजावहिनीवर अन्याय झाला. गौरी-गणपतींचं विसर्जन होऊन गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, आमच्या पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. वेळ नक्की आहे. मायक्रोवेव्हवर आठ चौदा दिसत होते आणि ते घड्याळ चार मिनिटं पुढे असायचं. ती चार मी वजा केली आहेत. अन्याय करणाऱ्याचं नाव मिहिर, माझा सख्खा दादा. करू देणारे तिघं: बाबा, आई आणि मी. मी पंधरा वर्षांची होते. पंधरा हे कारण नाही, नुसतं वय आहे.

मेट्रो स्टेशनबाहेर उभं राहून पत्रकं वाटायची सवय लागली की माणूस असंच लिहायला लागतो. नाव, जागा, वेळ, मागणी. चार ओळींत संपवायचं, कारण हातात कागद घेणारा पाचव्या ओळीपर्यंत जिन्यावर पोचलेला असतो. आमच्या गटातली एक बाई म्हणाली, चोविसाव्या वर्षी कसल्या आठवणी लिहितेस गं, अजून म्हातारी तरी हो. तिला मी म्हटलं, त्या घरात राहिलेली मी कधीचीच म्हातारी झाले आहे. ती हसली. मी विनोद केला नव्हता. तेव्हा या प्रकरणापुरत्या चार ओळी पुरणार नाहीत, कारण त्या गुरुवारी जे झालं ते त्या गुरुवारी सुरू झालेलं नव्हतं, आणि सगळा मुद्दा तोच आहे.

बाबा सांगलीचे. विमानांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका सरकारी कारखान्यात ते बंगळूरला आले आणि इथलेच झाले. त्यांचं काम दुरुस्तीचं नव्हतं. इंजिन का बिघडलं, ते शोधायचं होतं. जेवताना ते बिघाडाच्या गोष्टी सांगायचे, दुसऱ्या घरी राक्षसाच्या सांगतात तशा. त्यातली मुनिराजण्णाची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की भातावर तूप पडलं की अजून ती आठवते. मुनिराजण्णा कारखान्यातला फिटर. त्याने सकाळी एका इंजिनाची नळी आवळली आणि दुपारी चाचणीत तीच नळी फुटली. एक माणूस भाजला. सगळे मुनिराजण्णावर तुटून पडले. शेवटचा हात त्याचाच होता. काही जणांनी त्याला शेडमागे नेऊन चोपलाही. बाबांनी तेव्हा दोन प्रश्न विचारले. याने आवळलेल्या बाकीच्या नळ्या फुटल्या का? आणि आजवर फुटलेल्या नळ्यांना याचा हात लागला होता का? मग त्यांनी ती नळी कापायला लावली, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि भेगेच्या कडांवर गंज दिसला. सकाळी पडलेल्या भेगेला दुपारपर्यंत गंज चढत नाही. “भेग जुनी होती,” असं म्हणून बाबा ताक प्यायचे. गोष्ट तिथे संपायची. मला वाटायचं, जगात माझ्या बाबांइतका न्यायी माणूस नाही.

दादासाठी वहिनीला आईने स्वतः पसंत केलं. चिकपेटमध्ये साड्यांचं दुकान असलेलं, शेकडो वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं मराठी घराणं. आईला पंचवीस वर्षांत कन्नड आलं नव्हतं. सून इथलीच असली म्हणजे टँकरवाल्याशी तीच भांडेल, असा तिचा हिशेब. वहिनी भांडायचीही छान. खाली उतरून, पदर खोचून, हसत हसत त्या ड्रायव्हरला ती असं काही बोलायची की तो पाइप आधी आमच्या टाकीला लावायचा. पण घरात आली की तिचं तेच कन्नड आईला खुपायचं. वहिनी ताकाला मज्जिगे म्हणायची, भाजीला पल्या, ‘थोडं थांब’ऐवजी ‘स्वल्प थांब’. हो म्हणायचं तर ‘सरी’. पाहुण्यांसमोर आई सांगायची, हिच्या घरची मराठी निघाली तेव्हा व्यवस्थित निघाली होती, वाटेत बसस्टँडवर विसरली. पाहुणे हसायचे, वहिनीही हसायची. मला ती पुट्टी म्हणायची, म्हणजे छोटी. तिच्या येण्याने घरात नारळ आला. आमच्याकडे सगळ्यात शेंगदाण्याचं कूट असायचं, कोशिंबिरीत, खिचडीत, वांग्यात. तिने शनिवारी सकाळी कैरी किसून, मोहरी-उडदाची फोडणी देऊन चित्रान्न केलं आणि मी चार वेळा वाढून घेतलं. काम करताना ती तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. तो आवाज मी त्या घरात शेवटचा केव्हा ऐकला, हे आठवायचा खूप प्रयत्न केला आहे. नाही आठवत.

ती आली त्याच आठवड्यात आमच्या इमारतीची बोअरवेल आटली. बंगळूरच्या पूर्वेला उन्हाळ्याच्या तोंडाशी बोअरवेल आटणं म्हणजे सकाळी पेपर येण्यासारखं आहे. व्हाइटफील्डपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टँकर उभे होते. आमच्या इमारतीत ऐंशी बिऱ्हाडं, सगळ्यांचे नळ कोरडे. त्या ऐंशींत नवी सून आमच्या एकट्याकडे आली होती. आई इतकंच म्हणाली की योग बघा कसा. बाबा म्हणाले, मूर्खपणा करू नकोस. आमच्या घरात पायगुण हा शब्द चालत नसे. आम्ही शिकलेले होतो. मांजर आडवं गेलं तर बाबा मुद्दाम पुढे जायचे.

आता माझा वाटा. तो मी गाळणार नाही, कारण दुसऱ्यांचा लिहून आपला गाळणारे लोक मला भेटत असतात आणि त्यांच्याशी मी भांडते. मार्चच्या चाचणीत गणितात मी नापास झाले. बाबा पेपर हातात घेऊन उभे होते. मी अभ्यास केला नव्हता. महिनाभर फोनवर होते. पण समोर वहिनी चपात्या लाटत होती आणि मला एक वाक्य तयार सापडलं. मी म्हणाले, “वहिनी आल्यापासून माझं लक्षच लागत नाही.” ते वाक्य त्या घरात पहिल्यांदा मी उच्चारलं. आईने नाही, दादाने नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला. वहिनीने चपाती उलटली. मला शिक्षा झाली नाही, आणि वाक्य घरातच राहिलं.

मग ते सगळ्यांना लागू पडायला लागलं. टँकरचं पाणी सांडून ओल्या झालेल्या पायरीवरून आई घसरली, मनगट मोडलं: ती आल्यापासून. बाबांची बढती हुकली: ती आल्यापासून. आणि मे महिन्यात दादाची नोकरी गेली. तो सकाळी कंपनीच्या कॅबने व्हाइटफील्डला गेला आणि अकरा वाजता रिक्षाने परत आला. बूट न काढता सोफ्यावर बसला. वहिनीने पाणी आणलं. त्याने पेला घेतला, पाणी प्यायला, आणि रिकामा पेला तिच्या तोंडावर मारला. स्टीलचा पेला. तिच्या भुवईवर चीर पडली. आम्ही तिघं तिथेच होतो; बाबांची त्या दिवशी रजा होती. बाबा म्हणाले, “मिहिर, शांत हो.” शांत कोणी व्हायचं असतं आणि रक्त कोणाचं वाहत असतं, याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाबांनी तो कागद काढला. आलेखाचा कागद, कारखान्यात वापरायचे तसा. त्यांनी आडवी रेघ मारली आणि तिच्यावर ठिपके दिले: बोअरवेल, गणित, मनगट, बढती, नोकरी. बिघाड शोधताना ते हेच करत. शेवटची सुरळीत गोष्ट कोणती, पहिली बिघडलेली कोणती, आणि त्या दोघींच्या मध्ये काय बदललं. रेघेच्या डाव्या टोकाला, सगळ्या ठिपक्यांच्या आधी, त्यांनी लाल पेन्सिलने एक गोल केला आणि लिहिलं: गृहप्रवेश. अर्धी गंमत म्हणून केलं, असं ते नंतर म्हणायचे. गंमत असती तर त्यांनी पट्टी वापरली नसती. पायगुण म्हणणाऱ्या बाईला आम्ही अडाणी म्हटलं असतं; हा तर आलेख होता. आईने तो फ्रिजवर चुंबकाखाली लावला. वहिनी दिवसातून वीस वेळा तो फ्रिज उघडायची.

दादाला फक्त परवानगी हवी होती. ती लेखी मिळाली. तो जून, जुलै, ऑगस्ट घरी होता. नोकरीसाठी अर्ज पाठवायचा, नकार यायचा, आणि नकाराच्या आधी वहिनीने काय केलं होतं, ते तो शोधायचा. तिने आज केस धुतले होते. ती आज फोनवर तिच्या अक्काशी कन्नडमध्ये बोलली होती. तिने इडल्या केल्या होत्या. काहीतरी केलेलंच असायचं, कारण जिवंत माणूस सकाळपासून काहीतरी करतच असतं. मग तो तिला स्वयंपाकघरात न्यायचा. तिथेच न्यायचा, कारण मिक्सर तिथे होता. तो दंडाला धरून तिला आत घेऊन गेला की आई मागोमाग जायची, भांड्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे टाकायची आणि बटण फिरवायची. आमचा मिक्सर जुना होता, दळताना विमान उतरल्यासारखा आवाज करायचा. तो चालू असेपर्यंत बाहेर दुसरं काही ऐकू यायचं नाही. मी माझ्या खोलीत बसून तो आवाज मोजायची. सुरुवातीला घरघर, मग दाणे बारीक झाले की गुळगुळीत सूर, मग बंद. बंद झाला की वहिनी बाहेर यायची आणि तोंड धुवायची.

कूट साठत गेलं. आधी नेहमीचा डबा भरला, मग पापडाचा रिकामा करून भरला, मग बिस्किटांचे पत्र्याचे डबे. जुलैपर्यंत फडताळाचा एक आख्खा खण कुटाचा होता. आम्ही ते सगळ्यात घालून खायचो. दह्यात, भोपळ्यात, नुसत्या भातावर. एकदाही कोणी म्हटलं नाही की एवढं कूट आपल्याकडे कसं. मी ते खाल्लं आहे. आज कोणी ताटात शेंगदाण्याचं कूट वाढलं तर मी उठून जाते, आणि लोकांना वाटतं हिला अॅलर्जी आहे. समोरच्या बिऱ्हाडात सरोजम्मा राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. एकदा लिफ्टमध्ये त्या माझ्याकडे न बघता कन्नडमध्ये म्हणाल्या की तुमच्या घरी चटणी फार लागते वाटतं. मी हो म्हणाले. पाचवा मजला येईपर्यंत आम्ही दोघी आकड्यांकडे बघत होतो.

गौरी बसल्या तेव्हा घर तीन दिवस शांत होतं. वहिनीने मुखवटे सजवले, सोळा भाज्या केल्या, हळदीकुंकवाला बायका आल्या. भुवईवरच्या खुणेबद्दल एकीने विचारलं तर आईने फडताळाचं दार लागल्याचं सांगितलं. विसर्जन झालं. बुधवारी संध्याकाळी मला शाळेचा प्रकल्प छापायचा होता, म्हणून मी दादाचा लॅपटॉप घेतला. त्याच्या कंपनीची एक जुनी मेल उघडी राहिली होती. काम समाधानकारक नाही, सुधारणा झाली नाही तर नोकरी संपेल, अशी लेखी ताकीद. वरची तारीख मी तीनदा वाचली. लग्नाच्या दोन महिने आधीची होती. म्हणजे वहिनीचं पाऊल उंबऱ्यात पडण्याआधी दोन महिने दादाला माहीत होतं. बोहल्यावर उभा राहिला तेव्हा माहीत होतं. तिच्या तोंडावर पेला मारला तेव्हा माहीत होतं.

मला केवढा आनंद झाला ते कसं सांगू. मी ती मेल छापली आणि बाबांपुढे ठेवली, फ्रिजवरचा आलेखही काढून शेजारी ठेवला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. दादा खाली गेला होता. मी म्हणाले, बाबा, भेग जुनी आहे. मला वाटलं, आता ते उठतील. मुनिराजण्णासाठी उठले होते तसे. त्यांनी चष्मा लावला. मेल वाचली, तारखेवर बोट ठेवलं. मग आईला विचारलं, “साखरपुडा कधी होता गं?” आईने सांगितलं. मेलच्या दहा दिवस आधी. बाबांनी पट्टी घेतली, रेघ डावीकडे चार चौकोन वाढवली, गृहप्रवेशाचा लाल गोल खोडरबराने पुसला आणि नव्या टोकाला नीट काढला. म्हणाले, “म्हणजे साखरपुड्यापासून.”

मी ओरडले नाही. मी विचारलं की मुनिराजण्णाच्या वेळी तुम्ही काय केलं होतंत. ते कागदावरची खोडरबराची घाण फुंकत म्हणाले, “ते इंजिन होतं, शर्वरी.” वहिनीने ट्रे टेबलावर ठेवला, प्रत्येकाच्या पुढे कप सरकवला आणि वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली.

आता गुरुवार. दादा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. एका कंपनीत त्याच्या तीन मुलाखती झाल्या होत्या आणि आज निकाल यायचा होता. मी दप्तर भरत होते. बाबा पेपर वाचत होते. वहिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती वळते न वळते तोच मेल आली. नकार. दादा हसला. त्याने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला आणि अगदी शांतपणे, काहीतरी सिद्ध झाल्यासारखं म्हणाला, “बघा. चहा ठेवला आणि आलं.” मग त्याने डाव्या हाताने तिचे केस धरले, मनगटाला एक वेढा दिला आणि तिला आत नेलं. आई उठली. मोडून जुळलेल्या मनगटाने तिने मिक्सरचं भांडं बसवलं, डबा उघडला. शेंगदाणे संपले होते. सणात संपले असावेत. तिने क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि रिकाम्या भांड्यावर झाकण लावून बटण फिरवलं.

रिकामा मिक्सर दळत नाही, किंचाळतो. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले, मिक्सर चालू असताना पहिल्यांदा. दादा तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटत होता. मोजून, मध्ये थोडा थांबून. तिचे दोन्ही तळवे ओट्यावर टेकलेले होते, बांगड्या फुटून काचा कणकेच्या परातीत पडल्या होत्या. तिचे ओठ हलताना दिसत होते पण ऐकू काही येत नव्हतं. मी आईच्या अंगावरून हात घातला आणि प्लग उपटला.

तेव्हा ऐकू आलं. हाडाचा दगडावर आवाज होतो तो. आणि वहिनी म्हणत होती, “बेडा. बेडा, मिहिर.” नको. कदाचित रोज म्हणत असेल. तीन महिने आमच्या कुटाखाली ती हाच शब्द म्हणत असेल. मी मिक्सरचं भांडं उचललं आणि त्याच्या डाव्या हातावर, जिथे केस गुंडाळले होते तिथे, जीव खाऊन मारलं. त्याची दोन बोटं मोडली. मला ते जाणवलं, आणि बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. त्याने केस सोडले. माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात पसरून पूर्ण ताकदीने तिच्या डाव्या कानावर मारला. ती खाली बसली. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली आणि ती एका बाजूला मान करून राहिली, जणू लांबचं काहीतरी ऐकते आहे.

दाराची बेल वाजली. बाबांनी उघडलं. सरोजम्मा होत्या. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, सरी, सरी, सगळं सरी. आणि आतून, जमिनीवर बसलेल्या वहिनीचा आवाज आला, स्पष्ट, टँकरवाल्याशी बोलायची तसा: “सरी इल्ला.” ठीक नाही. सरोजम्मांनी बाबांना हाताने बाजूला केलं, चपला न काढता त्या आत आल्या आणि वहिनीशेजारी फरशीवर बसून राहिल्या. दादा त्याच्या खोलीत जाऊन मोडलेल्या बोटांसाठी बर्फ मागत होता. बर्फ आईने दिला. नऊ वाजता वहिनीचा अण्णा, तिचा मोठा भाऊ, रिक्षा घेऊन खाली आला. एका पिशवीनिशी ती गेली, आणि त्या घरात परत आली नाही. अण्णाने तिला आधी हॉस्पिटलात नेलं, मग पोलीस स्टेशनात. डावा कान गेला. कायमचा.

त्यानंतर दोन वाक्यं मला लागली. पहिलं आईचं. ती मला म्हणाली, अजूनही म्हणते, की तू मध्ये पडली नसतीस तर तिचा कान वाचला असता. तू मारल्यानंतर त्याने कानावर मारलं ना? दुसरं माझं स्वतःचं. पुढे पत्रकं लिहायला लागले, सभांमध्ये बोलायला लागले, तेव्हा मी सांगायची की पंधरा वर्षांच्या एका मुलीने भांडं उचललं आणि मार थांबला. लोक टाळ्या वाजवायचे. रात्री अंथरुणावर पहिलं वाक्य चावायचं आणि दिवसा दुसऱ्यावर मी जगायची.

गेल्या वर्षी चिकपेटला गेले. वहिनी आता अण्णाच्या दुकानात गल्ल्यामागे बसते. डावा खांदा भिंतीला लावून बसते, म्हणजे गिऱ्हाईक नेहमी ऐकू येणाऱ्या बाजूने येतं. तिने माझ्यासाठी मज्जिगे मागवलं. मी दोन्ही वाक्यं तिच्यापुढे ठेवली. आधी विचारलं की बुधवारी बाबांनी रेघ वाढवली ते बघून तू अण्णाला बोलावलंस ना. ती म्हणाली, “नाही गं. मंगळवारीच सांगितलं होतं त्याला, गुरुवारी नऊला ये म्हणून. गौरी घरात असताना कशी निघू?” म्हणजे माझ्या भांड्याने काही थांबलं नव्हतं. ते थांबलं कारण ती निघून गेली, आणि जायचं तिने माझ्याआधी ठरवलं होतं. मग कानाचं विचारलं. ती घडी घालत असलेली साडी तिने मांडीवर ठेवली आणि मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला, जणू नीट ऐकायचं आहे. “पुट्टी,” ती म्हणाली, “तू त्याच्या आधी मारलंस. पण कान त्याने फोडला. तुझ्या बाबांसारखी रेघ मारत बसू नको.”

मग एक गिऱ्हाईक आलं आणि तिने त्याला सुती साड्या दाखवायला घेतल्या.

दादा आता दुसऱ्या शहरात आहे, त्याच्यावरचा खटला चालू आहे, आणि साक्षीदारांत माझं नाव आहे. दादाची भेग जुनी होती. मी सहा वर्षांची असताना त्याने माझा हात दारात धरून दार लावलं होतं आणि घरात सगळे म्हणाले होते की तू त्याची वही घेतलीस म्हणून. तेव्हाही काहीतरी आधी घडलंच होतं. काहीतरी आधी घडलेलंच असतं. आलेखाचा तो कागद माझ्याकडे आहे, कोर्टात देणार आहे. खोडलेला लाल गोल उजेडात धरला की अजून दिसतो.

आता तुम्ही. हे वाचणारे तुम्ही, तुमच्याही घरात ‘ती आल्यापासून’ हे वाक्य कोणीतरी उच्चारलेलं आहे. कोणी उच्चारलं ते आठवा, आणि ते तुम्ही असाल तर आज जेवताना सगळ्यांसमोर परत घ्या. दुसरं. तुमच्या शेजारी वेळी-अवेळी मिक्सर चालतो, टीव्हीचा आवाज एकदम वाढतो, नळ धो धो सोडून दिला जातो. तुम्हाला माहीत आहे कोणाच्या घरी. लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघणं बंद करा. जा आणि बेल वाजवा. बेल वाजवल्याने मार थांबतो, असं मी म्हणत नाही. तसं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. उद्या तो थांबला तर तुमच्यामुळे थांबला असं कुठे सांगत फिरू नका. पण दार उघडेल, तेव्हा दारातल्या पुरुषाच्या बोलण्यावर परत फिरू नका. आतून काय आवाज येतो ते ऐकेपर्यंत तिथेच उभे राहा.